तीच वाट, तेच गाव: आई, दोन मुलं आणि गणपतीपुळ्याचे चार दिवस

दर सुट्टीत नवं गाव धरलं की गावं बघून होतात, मुलं बघायची राहतात. नव्या जागी आईचं सगळं लक्ष खोली, जेवण आणि परतीच्या गाडीत जातं. गाव तेच, वाट तीच, पायऱ्याही त्याच असल्या की बदललेली गोष्ट एकच उरते, ती म्हणजे मूल. म्हणून ही फेरी दरवर्षी एकदा, साधारण त्याच दिवसांत करायची, अशा हिशोबाने मांडली आहे. मुंबईहून रेल्वेने रत्नागिरी, तिथून गणपतीपुळे आणि मालगुंड, परतताना रत्नागिरी शहर. मुलं दोन धरली आहेत: थोरली सात वर्षांची, धाकटा अडीच वर्षांचा. सोबत आणखी एक मोठं माणूस हवंच. आजी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण धाकट्याला झोपवायची जबाबदारी वाटली जाते आणि आईला रात्री दहा मिनिटं लिहायला मिळतात.

निघण्यापूर्वी: तिथी आधी, तिकीट नंतर

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीचा आकडा पाऊणपट करायचा, येईल तो भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसातून दोनदा भरती, आणि भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मुलांना किनाऱ्यावर कधी न्यायचं हे ठरवायला एवढं पुरतं. आपल्याला ओहोटी हवी संध्याकाळी, चार ते सहाच्या दरम्यान. त्रयोदशीला भरती पावणेदहाला येते, म्हणजे ओहोटी दुपारी पावणेचारला. चतुर्दशीला ओहोटी साडेचारच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वापाचच्या आसपास. तेव्हा कार्तिक किंवा मार्गशीर्षातल्या शुद्ध त्रयोदशीला निघावं आणि प्रतिपदेला परतावं. अमावास्येलाही हिशोब तोच. एक फायदा आयताच मिळतो: संकष्टी टळते. संकष्टीला, त्यातही अंगारकी असेल तर, गणपतीपुळ्यात मुलाला जमिनीवर उभं करायलाही जागा नसते.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण जागाही मिळत नाही. पाच पूर्ण ते बारा वर्षांखालच्या मुलाला स्वतंत्र जागा हवी असेल तर पूर्ण भाडं पडतं. ‘धाकटा मांडीवर बसेल’ हा विचार पनवेलपर्यंत टिकतो. पैशांची ओढाताण नसेल तर एक जादा जागा घ्यावी.

औषधं, कपडे, टोप्या यांची यादी प्रत्येक घरात पाठच असते. तिच्यात या पाच वस्तू घालाव्यात: दोनशे पानी वही, शिसपेन्सिल, दोन मीटर सुती नाडी, सुई आणि दोन रंगांचा दोरा, दहा रुपयांचं नाणं. फोन असतोच. शाई न घेता पेन्सिल घ्यायची, कारण खाऱ्या दमट हवेत शाईच्या पेनाची अक्षरं पसरतात. नाडी परकराची साधी विणीची घ्यावी. इलॅस्टिक ताणलं जातं आणि मोजमाप खोटं ठरतं.

पहिला दिवस: गाडी आणि करबुड्याचा बोगदा

सकाळी लवकर सुटणारी गाडी पकडली की दुपारी रत्नागिरी येते. पावसाळी वेळापत्रक लागू असताना कोकण रेल्वेच्या गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यामुळे वेळा दर वर्षी नव्याने बघाव्यात. डब्यात दशम्या, गूळ-पोळी, सुकी बटाट्याची भाजी, दूध नको. हलत्या गाडीत दूध प्यायलेलं मूल चिपळूणच्या आत उलटी करतं. आत कानाला हलणं कळतं, डोळे मात्र हातातल्या स्थिर चित्राकडे असतात, त्या गोंधळातून मळमळ येते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. म्हणून गाडीत फोनवरची चित्रं आणि रंगवायची पुस्तकं दोन्ही बंद, नजर खिडकीबाहेर लांब.

मुलं विचारतातच म्हणून आधी सांगून टाकावं: रोह्यापासून रत्नागिरीपर्यंत समुद्र जवळजवळ दिसत नाही. दिसतात ते डोंगर, नद्या, भाताची कापलेली खाचरं आणि बोगदे. त्यातला सगळ्यात मोठा करबुड्याचा, साडेसहा किलोमीटरचा. तो उक्षी आणि भोके या स्थानकांच्या मध्ये आहे, म्हणजे संगमेश्वर मागे पडलं की तयारीत राहायचं. गाडी सुसाट असेल तर बोगदा चार-पाच मिनिटांत सरतो, नाहीतर जास्त. थोरलीला अंधार सुरू होताच आकडे मोजायला सांगावं. एकूण आकडा लिहून उपयोग नाही, तो गाडीच्या वेगावर ठरतो. लिहायचं ते मोजणी कुठे चुकते ते. पाचव्या वर्षी ‘एकोणतीस’नंतर परत वीस येतं, सहाव्या वर्षी एकोणसाठ आणि एकोणसत्तरची अदलाबदल होते, सातव्या वर्षी शंभर ओलांडल्यावर कंटाळा येतो. मराठी आकड्यांतले हे ‘एकोण’ चुकणं फार थोडे दिवस टिकतं. एकदा सुटलं की सुटलं.

धाकट्याचं बोगद्यात वेगळं बघायचं. तो कशाला धरतो? पदराला, बोटाला, खिडकीच्या गजाला, की कशालाच नाही? एवढी एक ओळ पुरे. फोटो काढू नये. अंधारात फ्लॅश उडाला की मूल दचकतं आणि जे टिपायचं होतं तेच मोडतं.

रत्नागिरी स्टेशन शहरापासून बाहेर, उंचावर आहे. तिथून गणपतीपुळ्याला आरे-वारेच्या किनारी रस्त्याने जावं. वळणं भरपूर, पण वरून दिसणाऱ्या समुद्राची पहिली झलक त्याच रस्त्यावर मिळते. गाडीवाल्याला आधीच सांगून ठेवावं की चढावर एक थांबा घ्यायचा. समुद्र दिसताक्षणी मूल जो पहिला शब्द बोलतं तो जसाच्या तसा लिहायचा. ‘समुद’, ‘छमुद्द’, ‘मोठं पाणी’, जे काही असेल ते. आया इथेच चूक करतात: ‘अरे, समुद्र म्हण ना’ असं शिकवतात. शुद्ध शब्द तर शाळा शिकवणारच आहे. चुकीचा शब्द घरातलं दुसरं कोणी लिहून ठेवणार नाही.

संध्याकाळी काहीही बघायला जाऊ नये. मऊभात, मेतकूट, तूप आणि झोप. दुसऱ्या दिवशीचे उकडीचे मोदक हवे असतील तर घरगुती खाणावळीत आजच सांगावं लागतं.

रात्री वहीत तीनच ओळी, प्रत्येक मुलाच्या. आज काय बोललं. आज स्वतःच्या हाताने काय केलं. अजून काय जमत नाही. तिसरी ओळ सगळ्यात मोलाची, आणि तीच बहुतेक जणी लिहीत नाहीत. ‘चपलेचा बंद लावता येत नाही, उजवी-डावी उलट घालतो’ हे पुढच्या वर्षी वाचताना हसू येतं, कारण तोवर तो बंद लावायला लागलेला असतो आणि कधीपासून ते कोणालाच आठवत नसतं. ‘उद्या लिहू’ म्हटलं की बोबडे शब्द जातात. झोपेतून उठेपर्यंत कान ते आपोआप दुरुस्त करून ठेवतात.

दुसरा दिवस: उंची, प्रदक्षिणा, पावलं

सकाळी उठल्या उठल्या उंची. दिवसभर उभं राहून पाठीच्या मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणूस साधारण एक सेंटिमीटरपर्यंत आखूड होतं. मागच्या वर्षी सकाळी मोजलं आणि यंदा रात्री, तर वाढ उगाच कमी दिसते. अनवाणी, टाचा-ढुंगण-पाठ भिंतीला, नजर समोर, डोक्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीशी काटकोनात. नाडीचं एक टोक टाचेखाली दाबायचं आणि पुस्तकाच्या खालच्या कडेशी नाडीवर पेन्सिलने खूण करायची. घर दुसऱ्याचं, तेव्हा भिंतीवर रेघोट्या नकोत.

बऱ्याच घरांत इथे गाठ मारतात. गाठ मारू नये. एक गाठ एक-दीड सेंटिमीटर नाडी खाते, आणि तीन वर्षांत तीन गाठी पडल्या की वरचं सगळं माप खाली सरकतं. खुणेवर सुईने आडवा टाका घालायचा: थोरलीचा लाल, धाकट्याचा हिरवा. दोन वर्षांनंतर मुलं वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढतात, म्हणजे दोन टाक्यांत चार बोटांचं अंतर दिसेल. धाकट्याचं गेल्या वर्षी झोपवून मोजलं असेल तर ते माप उभ्यापेक्षा पाऊण सेंटिमीटरच्या आसपास जास्त येतं. टाक्याशेजारी तसा छोटा ‘झो’ लिहून ठेवावा, म्हणजे पोर वाढलंच नाही की काय, ही धास्ती पडत नाही.

मग प्रदक्षिणा. गणपतीपुळ्याची डोंगरी हीच देवाचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नसते, अख्ख्या टेकडीला असते. वाट साधारण एक किलोमीटरची, फरसबंदी, मधे चढ-उतार. अनवाणी करायची तर सकाळी आठच्या आत. उन्हाने फरशी तापल्यावर मोठ्यांनाही पाय उचलून टाकावे लागतात, लहानांच्या तळव्यांना तर फोड येतात.

या फेरीचा खरा गाभा हा एक किलोमीटर आहे. धाकटा चालायला लागतो आणि कुठेतरी थांबून हात वर करतो: ‘कडेवर.’ ती जागा लक्षात ठेवायची. मीटर मोजायची गरज नाही. एखादं झाड, कठड्याचा कोपरा, वळण अशी हलणार नाही ती खूण वहीत लिहायची. पुढच्या वर्षी ती खूण मागे पडते. त्याच्या पुढच्या वर्षी तो प्रदक्षिणा पुरी करतो आणि मग कडेवर घेण्याचा प्रश्नच संपतो. आपण मुलाला शेवटचं कडेवर कधी घेतलं, हे कोणत्याही आईला सांगता येत नाही, कारण त्या दिवशी ते शेवटचं आहे हे ठाऊक नसतं. इथे निदान वर्ष तरी कळतं.

पथ्यं दोन. मुलाने मागण्याआधी उचलायचं नाही. मागे रांग वाढली तर कडेला उभं राहून माणसांना पुढे जाऊ द्यावं. आणि मागितल्यावर ‘थोडंसंच राहिलं’ म्हणत मनगटाला धरून ओढायचं नाही. चार-पाच वर्षांपर्यंत कोपराच्या सांध्याभोवतीचा बंध सैल असतो; सरळ हाताला झटका बसला की हाड सरकतं, मूल हात लोंबता ठेवतं आणि हलवू देत नाही. तसं झालं तर घरी चोळत बसू नये, डॉक्टरांकडे न्यावं. सांधा जागेवर बसवला की मूल लवकरच हात वापरायला लागतं.

थोरलीची या वाटेवरची खूण वेगळी. ती किती पुढे पळते आणि मागे वळून किती वेळा बघते, ते मोजावं. सहाव्या-सातव्या वर्षी दर पंचवीस-तीस पावलांनी मान वळते. ती कमी होत जाते.

सकाळी साडेदहाच्या सुमारास भरती असते आणि पौर्णिमेच्या आसपासची म्हणजे उधाणाची. तेव्हा किनाऱ्यावर जायचंच नाही. या किनाऱ्याला उतार आहे. येणाऱ्या लाटेपेक्षा परतणारी लाट धोक्याची, ती पायाखालची वाळू काढून नेते. ओहोटीलाही मुलांनी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि एक हात कायम मोठ्याच्या हातात. इथे बुडालेल्यांत पोहता येणारेही असतात, तेव्हा ‘मी आहे ना जवळ’ हे पुरेसं नाही.

संध्याकाळी साडेचार ते पावणेसहा, पावलांचे ठसे. ओहोटीने उघडी पडलेली वाळू तीन पट्ट्यांत असते. पाण्याजवळची चकाकते, तिथे ठसा उमटताच भरून येतो. वरची भुसभुशीत, तिथे कडा ढासळतात. मधली ओली, पण चमक गेलेली, ती घ्यावी. मुलाला ‘दाबून उभा रहा’ म्हटलं की ते बोटं आत वळवतं आणि ठसा आखूड येतो. त्याला नुसतं चालू द्यावं आणि चौथ्या-पाचव्या पावलाचा ठसा निवडावा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवायचं. त्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो, त्यावरून पावलाची लांबी कधीही काढता येते. फोन ठशाच्या बरोबर वर, जमिनीला समांतर धरायचा. तिरपा धरला की टाच लहान दिसते. ऊन तिरपं हवं. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ठशाला सावलीच पडत नाही आणि फोटोत नुसती वाळू येते. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, त्याच्या आधीचा अर्धा तास उत्तम.

याच वेळी बारीक खेकडे बिळातून बाहेर येऊन वाळूच्या गोळ्यांची नक्षी घालतात. मूल तिथे उकिडवं बसलं तर अर्धा तास तसंच राहू द्यावं. ‘चल, पाणीपुरी खाऊ’ म्हणून उठवणारे काका-मामा सोबत नसलेले बरे.

अंगाला चिकटलेली ओली वाळू टॉवेलने पुसू नये. कातडी सोलवटते, आणि जांघेत पुरळ उठतं. वाळू सुकू द्यावी, मऊ फडक्याने झटकावी, मग गोड्या पाण्याने अंघोळ, पूर्ण कोरडं करून खोबरेल.

तिसरा दिवस: मालगुंड, आणि काही न करणं

मालगुंड अगदी जवळ, रिक्षाने काही मिनिटांत. केशवसुत, म्हणजे कृष्णाजी केशव दामले, यांचा जन्म १८६६ मध्ये या गावात झाला. त्यांचं जन्मघर आणि स्मारक इथे जपलं आहे. सात वर्षांच्या मुलीला कवी कळणार नाही आणि कळावा असा आग्रहही नको. तिला कौलारू घर दाखवावं: ओटी, पडवी, माजघर, उंबरठा. धाकटा उंबरठा कसा ओलांडतो ते बघावं: हात टेकून, चौकट धरून, की नुसता पाय उचलून. थोरलीला कवितेच्या दोन ओळी मोठ्याने वाचायला सांगावं. जोडाक्षराशी ती जिथे अडखळते तिथे मदत न करता थांबावं.

हा आवाज फोनवर घेता येईल, पण उघड्यावर नको. कोकणातला वारा थेट माईकमध्ये शिरतो आणि घरी ऐकताना फक्त घरघर उरते. आवाज रात्री खोलीत घ्यावा, पंखा बंद करून, मिनिटभराचा. सुरुवातीला आईने तारीख आणि मुलांची वयं बोलायची, मग फोन पालथा ठेवून द्यायचा. ‘बोल ना, मघाशी म्हणालास ते बोल’ असं म्हटलं की मूल एकतर गप्प होतं किंवा नाटकी बोलतं. पांघरुणावरून चाललेलं दोघांचं भांडण, गोष्टीत पाचव्यांदा विचारलेलं ‘का?’, झोपेआधीची निरर्थक बडबड, हेच खरं. फोटो घरोघरी हजारांनी असतात, पण तीन वर्षांच्या मुलाचा साधा रोजचा आवाज क्वचितच कोणाकडे असतो.

जयगडचा किल्ला आणि दीपगृह याच बाजूला आहेत. धाकटा पाच वर्षांचा होईपर्यंत ते सोडून द्यावं; बुरुजांच्या कडांवर लहान मुलाला सांभाळताना आईला समुद्र दिसत नाही आणि मूलही दिसत नाही, फक्त कडा दिसते.

संध्याकाळी फोन थोरलीच्या हातात द्यावा. घरच्या फोटोंत आई बहुधा नसतेच, कारण फोन तिच्याच हातात असतो. सात वर्षांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोंत पोट, हनुवटी आणि आभाळ जास्त येतं. डोकं अर्धं कापलं जातं. ते पुसून टाकू नयेत. मुलांना आई तशीच दिसते.

शंख-शिंपले उचलायचे तर रिकामेच. शंख तळहातावर दोन मिनिटं स्थिर धरावा. आत खेकडा असेल तर पाय बाहेर काढतो, मग तो परत वाळूवर ठेवावा. रिकामे शंख गोड्या पाण्यात रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी उन्हात वाळवावेत, नाहीतर परतीच्या डब्यात शेजारचे प्रवासी नाक धरतात. प्रत्येक मुलाने पाचच निवडायचे. कुठला ठेवला यापेक्षा कुठला टाकताना रडू आलं, हे वहीत जावं.

चौथा दिवस: रत्नागिरी आणि घर

सकाळी निघून दुपारच्या गाडीपर्यंत शहरात तीन-चार तास मिळतात. दोनच जागा कराव्यात. थिबा राजवाडा १९१० मध्ये बांधला. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा तिथे १९१६ मध्ये वारेपर्यंत नजरकैदेत होता. ‘राजाला घरी का जाऊ दिलं नाही?’ हा प्रश्न येतोच, उत्तर तयार ठेवावं. दुसरी जागा मत्स्यालय, तिथला देवमाशाचा सांगाडा. धाकट्याला सांगाड्याशेजारी उभं करून दरवर्षी एक फोटो. मासा वाढत नाही, त्यामुळे मोजपट्टीला उत्तम. तिकीट आणि वारांच्या वेळा निघायच्या आधी विचारून घ्याव्यात. टिळकांचं जन्मस्थान शहरातच आहे, वेळ उरला तर.

गाडीत मुलं झोपतात. तेव्हा फोटो निवडावेत, घरी गेल्यावर ते होत नाही. एका दिवसाचे पाच, बाकीचे पुसायचे. निवडताना हसरे, सरळ उभे राहिलेले आधी बाजूला काढावेत. ते सगळ्या वर्षांचे सारखेच दिसतात. मान वाकवून बंद लावणारं मूल, आमटीने माखलेली कोपरं, दात पडलेल्या फटीतून बाहेर आलेली जीभ, असे ठेवावेत. प्रवासात दुधाचा दात पडलाच तर कागदाच्या पुडीत. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरून वास येतो.

घरी आल्यावर आठवड्याच्या आत निवडलेले फोटो छापून घ्यावेत, मागे पेन्सिलने तारीख आणि वय. आवाजाच्या फाइली दोन ठिकाणी ठेवाव्यात, फोन पाण्यात पडायला वेळ लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने घटतो, म्हणून आजोळी पाठवायचा तर डॉक्युमेंट करून.

वही, पुडी आणि नाडी एका डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर. नाडीला खारट वास येत असेल तर येऊ द्यावा, ती धुवायची नाही. सुती नाडी पहिल्या पाण्यात आटते, आणि मग मागच्या वर्षीचा हिरवा टाका होता त्यापेक्षा खाली बसतो.